माया

ससून डॉकच्या बर्फ कारखान्यात बाबा लाद्या सोडायचे,
लाकडी घसरणीवरून, पहाटे चारला.
भालचंद्र सात वर्षांचा. एकदा लादीवरच बसला.
खालच्या माणसाने कॉलर धरून उचलला म्हणून वाचला,
मग बाबांनी घरी आणून बडवला.
मार खाताना हसत होता. मी पाहिलंय.

पुढे फौजेत गेला. गुलमर्गला पायाला स्की बांधल्या,
आणि कुणी साहेब म्हणाला,
हा पोरगा उतरत नाही, उडतो.

मुंबईत बर्फ कुठला? तरी सुट्टीवर आला
की गच्चीतल्या टाकीच्या कठड्यावर उकिडवा बसायचा,
खाली चार घरांच्या गाद्या, आणि झेप.
वाऱ्याच्या दिवशी धक्क्याच्या टोकाला
टाचा टेकवून नाक समुद्रावर काढायचा,
मी मागून पट्टा धरलेला.
"सोड थोडं, बाय."
मी नाही सोडायची.

खेळ त्यानेच समजावला, जेवताना, बोटाने ताटात डोंगर काढून.
पाच पंच. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा खोडतात.
समोरचा वारा उचलतो, म्हणून गुण कापतात.
पाठचा दाबतो, म्हणून गुण भरून देतात.
आई म्हणाली, मासळीच्या धंद्यात
वाऱ्याची भरपाई कोण देतो रे?
वजनासाठी त्याने भात सोडला होता.
ती ताट उचलायची आणि भांडी जोरात घासायची.

नऊ हिवाळे.
बहुतेकदा पहिल्याच फेरीत बाहेर.
एकदा चौतिसावा आला, तेव्हा आम्ही पेढे वाटले.
गावांची नावं आम्हाला म्हणता यायची नाहीत,
शेजारी विचारायचे तर मी सांगायची, तिकडे, थंडीत.
डावा गुडघा दोनदा उघडला.

सूट मात्र माझ्याकडे यायचा.
नवा परवडायचा नाही. कुणा उंच परदेशी माणसाने टाकलेला,
फोमचा, जाड, दर हातभर शिवणीला एक सुई मोडायची.
कागदावर त्याची मापं, मिलिमीटरपर्यंत,
खाली लाल रेघ: यापेक्षा एक दोराही नाही.
मी ब्लाउज शिवणारी बाई.
माणूस भरतो, कापड आटतं,
हे हाताला माहीत, डोक्याला विचारत नाही हात.
जांघेत एक सेंटीमीटर माया सोडली.

त्या फेब्रुवारीत रात्री फोन आला.
"एकशे सव्वीस मीटर, बाय."
म्हणजे कुठून कुठपर्यंत?
"आपल्या दारापासून लिलावाच्या शेडपर्यंत.
मधे पाय न टेकता."
कितवा आलास विचारलं,
तर म्हणाला, आवाज तुटतोय.

आता तो मॉलमधल्या बर्फघरात आहे,
उणे पाच डिग्री, आठ तास,
मुलांना बूट देतो, त्यांचे हातमोजे शोधतो,
ट्यूबवर बसवून पाठीला हलका धक्का देतो.
आईच्या हातचा भात जेवतो, दोनदा मागून.

गेल्या महिन्यात त्याचा जुना जोडीदार आला, मनालीचा.
बोंबील खाताना सहज बोलून गेला:
उडीनंतर सूट मोजला ना तिथे,
एक सेंटीमीटर जास्त निघाला.
ढिल्या कापडात हवा भरते, म्हणून नाव खोडलं.
ती उडी कागदावर झालीच नाही.
भालचंद्र काटे काढत होता. मान वर केली नाही.

मी आत जाऊन मशीनवरचं झाकण काढलं,
पुन्हा घातलं.

काल त्याने नोकरीचं जॅकेट आणलं.
बाही लांब होते.
मी खडूने खूण केली, टेपने पुन्हा मोजलं,
पुन्हा मोजलं,
कात्री अगदी रेघेवर धरली.
तो दारात उभा, गुडघ्यावरचं वजन बदलत.
"सोड थोडं, बाय."