सुद्दी आणि सद्दू

मठपती मॅडमनी फळ्यावर चार चौकटी काढल्या:
पाठवणारा, निरोप, वाट, घेणारा.
मग वरून एक वाकडा बाण मारला, विजेसारखा,
आणि लिहिलं: नॉइज.
निरोप ह्याच्यामुळं बिघडतो, म्हणाल्या,
आधी कन्नडमधून, मग इंग्रजीतून,
मग माझ्याकडं बघून थोडं मराठीतूनही.
कन्नडमध्ये बातमी म्हणजे सुद्दी, आवाज म्हणजे सद्दू.
वेलांटी गळते, उकार एक घर पुढं सरकतो,
बस्स.

मी वहीत तो बाण उतरवला
आणि बघते तर आमच्या घराचा नकाशा.

वडगावात पुढच्या खोलीत चार माग.
सकाळी सहाला सुरू झाले की
तांब्यातलं पाणी थरथरतं.
आई जेवायला हाक मारत नाही,
उंबऱ्यात उभी राहून पाच बोटं तोंडाशी नेते.
दोन बोटं म्हणजे धागा तुटलाय.
पालथा तळहात म्हणजे पाव्हणे आलेत, बंद करा.
आप्पांना आता माग बंद असले तरी कमीच ऐकू येतं.
मॅडम, ही कुठली वाट म्हणायची?
पुस्तकात हिचं चित्र नाही.

बी.ए. पत्रकारिता, दुसरं वर्ष.
शेजारच्या सुलक्काला वाटतं मी टीव्हीवर बातम्या वाचणार,
म्हणून ती मला केसांना तेल लाव म्हणते.
निपाणीचा मामा फोनवर विचारतो,
'पेपर कुठल्या भाषेत लिवतीस गं?'
हा प्रश्न साधा नाही,
हे आमच्याकडं पाळण्यातलं पोरसुद्धा ओळखतं.
'मार्क पडतील त्या,' मी म्हणते.
मामा हसतो. बराच वेळ हसतो.
मग गप्प होतो.

डेटलाइनचा तास होता त्या दिवशी
अक्षता हुलीकट्टीच्या गावाला शेवटी वेलांटी होती,
माझ्या गावाला नव्हती.
दोघी एकाच बसनं आलेलो,
एका वाटीतला कुंदा दोन चमच्यांनी खाल्लेल्या.
रेघेच्या पुढं बातमी तीच:
गोवावेसजवळ पाइप फुटला, तीन दिवस पाणी नाही.

मग तीन मिनिटांची रेडिओ स्टोरी. विषय: माझं घर.
मोबाइल मागाजवळ धरला, आप्पांना प्रश्न विचारले,
त्यांचे ओठ हलले, मला सगळं कळलं.
एडिटिंगला सादिया मुल्लानं हेडफोन काढून ठेवला.
'कुछ बी नै सुनाई देता गे,' ती म्हणाली,
'पूरी गिरणीच भर को लायी तू.'
ओठ रेकॉर्ड होत नाहीत, हे मी विसरले होते.

परत गेले. परत तेच.
आणि दुपारी पावणेतीनला लाईट गेली.
चारही माग एकदम थांबले.
आप्पा मान खाली घालून तुटलेला धागा जोडत होते,
त्यांना पत्ताच नाही.
ते बोलत होते, मोठ्यानं, मागाशी,
'बा, बा, निल्लबेडा...'
ये, ये, थांबू नकोस.
कन्नडमध्ये.

एकोणीस वर्षं मी त्या खोलीच्या पलीकडं झोपतेय.
त्यांना माग शिकवणारा रामदुर्गचा होता, आई म्हणाली,
त्यात काय एवढं.
दिवसभर ते असंच बोलतात, म्हणाली,
मी ओठ वाचते.

लाईट आली. एकेक माग उठला.
तिथं माझी स्टोरी संपते.

वीसपैकी चौदा. खाली मॅडमचा लाल शेरा,
शेवटचा सद्दू कमी कर.
घरी आप्पांच्या कानाशी ओरडून सांगितलं.
त्यांनी तळहात कानामागं धरला,
ऐकलं आपल्यापुरतं,
आणि माझ्यावरच चिडले:
'बातमी कशाला कमी करायची?'