खंदकाचा हिशेब

टेपचं एक टोक पुनो वेळीपच्या मुठीत,
दुसरं माझ्याकडे. मध्ये
काबो द रामचा दुपारचा वारा
टेपला पोट आणतो.
"ताण," मी ओरडते. तो ताणतो.
तरी दर खेपेला चार बोटांचा फरक.

समुद्राकडे तट ठेंगणा;
तिथलं काम कड्यानेच उरकलेलं.
जमिनीकडे मात्र माणसं येणार,
म्हणून खंदक, म्हणून बुरूज जाड,
म्हणून दरवाजा असा
की घाईने आलेल्यालाही
आत शिरताना पाऊल आखडावं लागतं.

राम इथे राहून गेला, असं पुनो सांगतो,
काल जेवून गेलेल्या पाहुण्याबद्दल सांगावं तसं.
मग सोंदेकर. मग फिरंगी.
मग कैदी, ज्यांना समुद्र फुकट दिसायचा.
प्रत्येकाने आधीच्याच भिंतीवर भिंत चढवली;
चुन्याचा रंग बदलतो, तिथे मी
वहीत बारीक रेघ मारते.

माझा तर्क साधा आहे:
चिरा लांबून कोण वाहील?
इथेच खणला, इथेच रचला.
जेवढं खाली रिकामं
तेवढं वर भरलेलं असायला हवं.

तीन दिवस गुणाकार केले.
खंदक मोठा भरतो.
पडझड धरली, दरीत घरंगळलेलं धरलं,
वाळवीसारखी मुळं घुसवणारे वडसुद्धा धरले,
तरी बरेच चिरे कुठेच नाहीत.

कपेलाची किल्ली इनासिनकडे असते.
कुलपात खोबरेल सोडता सोडता ती म्हणाली,
हरवलेलं सांत आंतोन शोधून देतो,
पण त्याला विचारावं लागतं गे.
मी विचारलं नाही. सरकारी काम.
पुनोलाच विचारलं.
तो गंजक्या तोफेवर बसून विडी विझवत होता.
"फातर खंय वचपाचो, बाय?"
दगड जाणार कुठे!

संध्याकाळी त्याच्या घरी चहा.
विहिरीचा कठडा, तुळशीचा ओटा,
डुकरांच्या गोठ्याची मागची भिंत:
सगळं जांभ्याचं,
आणि पायरीच्या चिऱ्यावर
तीन आडव्या रेघा, एक तिरकी.
ही खूण मी सकाळीच उतरवून घेतलेली,
ईशान्य बुरुजाच्या पोटातून,
कुणा गवंड्याने आपली मजुरी मोजायला कोरलेली.

मी पाहिलं.
मी पाहिलं हे पुनोने पाहिलं.
त्याची सून आत भाकरी थापत होती,
थाप चुकली नाही.

पुनोने माझी बशी उचलली
आणि नीट, न सांडता,
त्या खुणेवर ठेवली.
"निवता, पी."

रात्री वही उघडली.
तुटीच्या रकान्यात लिहिलं:
वाऱ्यामुळे.