एका घुंगरात शंभर

उद्यमनगरात, लेथच्या वरच्या माळ्यावर
सुट्टीच्या दिवशी आमची फौज जमते.
खाली मशिनं झाकलेली,
तेलाचा वास मात्र कामावर.

टेबलावर पंपाच्या रद्द ड्रॉइंगची पाठ,
तिच्यावर पेन्सिलीनं नदी, खिंड, तीन पूल.
उजेडासमोर धरलं तर डोंगरांच्या आतून
इम्पेलरची पाती दिसतात.

आमचं सैन्य हुपरीचं.
रेवतीच्या मामाकडची घुंगरं,
टाका निसटलेली, डाग पडलेली,
विकायला चालत नाहीत, लढायला चालतात.
एक घुंगरू म्हणजे शंभर माणसं.

पलीकडे मातकट.
गाळातून उठलेली जमात, डोळे नाहीत,
वास घेत घेत येते.
ते लोखंडाच्या किसाचे, खालूनच झाडून आणलेले.
मोजायची सोय नाही.

गोष्ट चालवतो आफताब शिकलगार.
एरवी पॅटर्नमेकर:
आधी लाकूड, मग वाळूत पोकळी, मग लोखंड.
वीस तोंडांचा फासाही त्यानंच ओतला, गनमेटलचा.
आत कुठंतरी हवेचा बुडबुडा राहिलाय,
म्हणून सतरा जरा जास्त पडतो.
हे आम्हाला माहीत आहे.
मातकटांनाही असावं.

सात महिने चालत आम्ही या नदीवर पोचलो.
हणमंता चौगुले पतसंस्थेत कॅशियर, इथं राणी,
तिच्या घोडदळाला पंख.
रेवतीकडे चुंबक, ती त्याला मंत्र म्हणते.
मी दूध संघात फॅट तपासते.
इथं तिसरा पूल माझा, बारा घुंगरं.

पहिल्याच हल्ल्यात फासा तीनवर बसला.
माझी चार गेली.
उचलायला हात घातला तर आफताबनं वर हात ठेवला.
'उचलायचं असंल तर नाव सांग.
शंभरातल्या एकाचं.'
हा नियम कधीपासून?
'आत्तापास्नं.'

लुकमान, मी म्हटलं. कुठून आलं कोण जाणे.
'काय करायचा?'
पखालीनं पाणी वाहायचा.
'मागं कोण?'
बहीण. तिला पोहता येत नाही.
हणमंता हसला.

मग त्याची राणी उतरली, पंख मिटून, थेट गर्दीत.
अकरा घुंगरं.
त्यानं शाळेची हजेरीच सुरू केली,
भोसले, बागवान, चव्हाण, फटाफट.
सातव्या नावाला आवाज खाली गेला.
ते नाव त्याच्या स्कूटरच्या मागं अजून आहे,
नंबरप्लेटच्या वर, लाल अक्षरात.
आम्ही कुणी वर बघितलं नाही.
भडंगाची वाटी तशीच राहिली.

रेवतीनं चुंबक उचलला, पुन्हा ठेवला.
'मी ह्यांना उचलतो की, एका मंत्रात पाचशे.
पण ह्यांची नावं कोण सांगणार?'

आफताबकडे नियम असतो नेहमी.
आज तो किसाकडे बघत बसला.
मग म्हणाला,
'वास घेत येत्यात, म्हणलं होतं मी.
कशाचा, ते कुणी इचारलंच न्हाई.'
कशाचा?
'भाताचा. शिजत्या भाताचा.'

पूल जाळायचं ठरलं होतं आमचं.
तेल ओतून झालं होतं, मशाल माझ्याच हातात.
मी म्हटलं, मशाल चुलीला लावा.
आहे नाही तेवढा तांदूळ काढा, पुलाच्या मधोमध.
'सोळाच्या वर लागंल,' आफताब म्हणाला.

सतरा पडला.
हणमंतानं फासा उचलून माझ्या तळव्यावर ठेवला.
'ह्यो बुडबुड्याचा. परत टाक.'
भांडता आलं असतं.
मी परत टाकला.

नऊ.

किस पुलावरून आला, आवाज न करता.
माझी आठ घुंगरं होती.
एकेक उचलत, एकेक नाव सांगत गेले,
घाई कुणालाच नव्हती.
खाली रस्त्यावरचे दिवे लागले,
कुणीतरी अर्धं शटर ओढलं.

आठव्याला मी आचारी केलं.
पळायच्या आधी
पातेल्यावरचं झाकण तो काढून गेला होता.