पिवळी नळी

आमच्या पंपावर चार नळ्या.
लाल साधं, हिरवी डिझेल, निळी रॉकेल,
आणि पिवळी.
पिवळीवर धूळ बसते. मी ती रोज सकाळी पुसतो.

तिच्यासाठी काँक्रीटखाली एक अख्खी टाकी आहे,
वडिलांनी पुरलेली,
पोरं रात्री उसुगामीच्या घाटात गाड्या उडवायची
त्या काळातली.
पुढे पोरांची लग्नं झाली. मग बोगदा झाला.
नागानोच्या या कोपऱ्यात आता
शंभर ऑक्टेन मागणारं गिऱ्हाईक एकच:
उमेगाकीबाई, वय एकाहत्तर.

जन्मभर दुसऱ्यांच्या कवळ्या घडवल्या
आणि निवृत्तीच्या पैशात घेतली
दोन माणसांची, बसकी, पांढरी गाडी,
झाकण उघडून दिवे वर काढणारी.
मुलगा म्हणाला, आई, निदान साधं तरी भर,
लिटरमागे अकरा येन वाचतील.

भरलं एकदा.
तासाभरात परत आली, माझ्यावरच डाफरत:
"चढावर आतून कुणीतरी दार ठोठावतंय!"

मग मी तिला सांगितलं,
वडिलांनी मला सांगितलं होतं तसंच.
लोकांना वाटतं, महाग पेट्रोल म्हणजे जास्त आग.
आग तेवढीच हो.
हे फक्त थांबतं.
पिस्टन वर येतो, चेपत आणतो, जागाच ठेवत नाही.
तुमच्या गाडीत तर जरा जास्तच चेपतो.
तिथे साधं पेट्रोल गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलं,
ठिणगीच्या आधीच भडकतं
आणि वर येणाऱ्याच्याच टाळक्यात हाणतं.
हे दाब सोसतं, ताप सोसतं.
ठिणगी म्हणाली आता, की मगच.

"म्हणजे माझ्या सासूसारखं," ती म्हणाली.
मी हसलो.
ती जरा वेळ मीटरकडे बघत राहिली.
"नाही. ती शेवटपर्यंत पेटलीच नाही."

यंदा कचेरीतून पत्र आलं.
टाकीला चाळीस वर्षं झाली,
आतून अस्तर लावा, नाहीतर उकरून काढा.
चिझुकोने हिशेब मांडला, एकदा सरळ, एकदा उलटा,
आणि कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला.
आठवड्याला चाळीस लिटर.
एका म्हातारीसाठी एवढं मोठं विवर
आपण किती दिवस सांभाळायचं?

नोव्हेंबरच्या त्या सकाळी उमेगाकीबाई आली,
"पूर्ण भर," म्हणाली, नेहमीसारखी.
मी पिवळी नळी लावली.
काच पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली.
तिने काच खाली केली.
"किती दिवस?"
"मार्चपर्यंत."
"आणि मग?"
"मियानोत मिळेल. चव्वेचाळीस किलोमीटर."
"घाटातून?"
"बोगद्यातून जाता येतं. सोपं आहे."
"घाटातून," ती म्हणाली,
आणि या वेळी तो प्रश्न नव्हता.

गाडी वळली. पहिलं वळण ऐकू आलं, मग दुसरं,
गिअर खाली, पुन्हा खाली,
इंजिन भरल्या आवाजात, एकसंध,
कुठेही टकटक नाही.
मी ऐकत उभा राहिलो, शेजारी रॉकेलवाला खोळंबलेला,
आणि खाली बघितलं तर
तिच्या टाकीचं झाकण माझ्या मुठीत.

चाळीस वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

चिझुकोला ओरडून सांगितलं,
मालाची छोटी गाडी काढली, साध्या पेट्रोलवरची,
दोन पोती कोळसा अजून मागे.
बोगद्याच्या फाट्याशी पाय जरा अडखळला
आणि मी डावीकडे घेतलं.
पहिल्याच चढाला ती खोकायला लागली,
दुसऱ्याला दार ठोठावू लागली.
ठोठाव बाई, म्हटलं,
आणि गिअर टाकला.