टाचण, पुढच्या शिक्षकासाठी

खिडकीजवळचा हीटर ठोकल्याशिवाय चालू होत नाही.
डावीकडून, बुटाच्या टाचेनं.
मार्कर खिडकीत ठेवू नकोस, गोठतात.
हे आधी सांगते, कारण पहिल्या वर्षी
मला नीट कळलं ते एवढंच.

हजेरीपटात पहिलं नाव ऊलायू.
सप्टेंबरभर तिच्या नावापुढे मी लिहीत होते :
उत्तर देत नाही.
"समजलं का?" असं विचारलं
की ती नुसत्या भुवया उंचावायची.
आपल्याकडे भुवया कशासाठी उंचावतात
तुला माहीत आहे. मलाही तेवढंच माहीत होतं.
उद्धट, असं लिहिलं. शाईनं.
नोव्हेंबरात, बॅफिन बेटावर सूर्य मावळून
परत उगवलाच नाही त्या आठवड्यात,
वर्गातली मदतनीस सार्पिनाक
चहा ओतता ओतता म्हणाली,
"ती रोज हो म्हणते. तू रोज परत का विचारतेस?"

भुवया वर म्हणजे हो.
नाक मुरडलं म्हणजे नाही.
त्या मुरडण्यात तोरा नसतो, नापसंती नसते,
नाही, इतकंच असतं.
तीन महिने अख्खा वर्ग मला हो म्हणत होता
आणि मी ओरडत होते,
कुणाला तोंड आहे का इथं?

मग तक्तू.
सात वर्षांचा, खुर्चीत न टिकणारा.
त्याची आजी दाराशी येते, उंबरा ओलांडत नाही,
आणि नातवाला हाक मारते : बाबा.
मी फाईलमध्ये नोंद केली होती,
"आजीची स्मरणशक्ती तपासून घ्यावी."
शाबूत होती ती तिचीच.
तिचे वडील गेले, त्यांचं नाव या पोराला दिलं,
आणि नावाबरोबर इथं माणूसही थोडा येतो.
म्हणजे ज्या मंगळवारी मी तक्तूला कोपऱ्यात उभं केलं
त्या मंगळवारी एका म्हातारीच्या डोळ्यांदेखत
तिच्या बापाला कोपऱ्यात उभं केलं.
ती काही बोलली नाही.
त्याचे हातमोजे तिनं दाराच्या कडीला अडकवले
आणि गेली.

उंबऱ्याचं कारण विचारायला माझी जीभ रेटली नाही.
सार्पिनाकनंच सांगितलं, तेही अर्धंच :
सहाव्या वर्षी तिला जहाजात घालून शाळेला नेलं,
गळ्यात चामड्याची चकती,
चकतीवर आकडा. नाव नाही.
तेव्हा हजेरी घाईनं घेऊ नकोस.
जीभ अडखळली तर थांब, पोरांनाच विचार.
हसतील. हसू दे.

मे महिन्यात निम्मा वर्ग रिकामा होईल.
गैरहजर लिहू नकोस.
लिहावंच लागलं तर पेन्सिलीनं.
नुवालिंगा अकरा दिवसांनी बर्फावरून परतला,
बाहीला सीलच्या चरबीचा वास,
डोळ्यांभोवती गॉगलची पांढरी खूण,
आणि मी त्याच्यापुढे बुडालेल्या धड्यांची चळत ठेवली.
त्यानं ती बाजूला सारली नाही, उघडलीही नाही.
फळ्याशी गेला, काढून दाखवलं :
कुठला बर्फ माणसाला पेलतो,
कुठला नुसता पेलल्यासारखा दिसतो.
फळ्याचा तो कोपरा अजून तसाच आहे. पुसू नकोस.

शेवटच्या दिवशी ऊलायूनं विचारलं,
परत येणार?
दर जूनला कुणीतरी कुणाला तरी विचारतंच.
आणि आमची उत्तरं ठरलेली :
बघू, प्रयत्न करीन, पत्र नक्की पाठवीन.
माझंही तोंड उघडलं होतं.
मग मिटलं.
मी नाक मुरडलं.

तिनं भुवया उंचावल्या.

किल्ली सार्पिनाककडे आहे.
एकोणीस वर्षांत आम्ही चौदा जण आलो, गेलो.
ती इथंच आहे.
हे टाचण वाचायचं राहिलं तरी चालेल,
तिच्याकडे मात्र पहिल्याच दिवशी जा,
आणि चहा ओतून होईपर्यंत
बोलू नकोस.