अठ्ठ्याण्णव ग्रेन

दौलतगंजात, गच्चीवरच्या खोलीत
अप्पा रविवारी गोळ्या निवडायचे,
खाली आई तांदूळ निवडायची तसेच:
चष्मा नाकावर, ओठ किंचित उघडे.

क्लबच्या शिक्क्याचा परवाना भिंतीवर.
मुरैन्याच्या गजकच्या डब्यात शिसं.
सराफ्यातून जुना आणलेला काटा,
ज्यावर कधीतरी कुणाच्या नथीचे मोती तोलले असतील.
अठ्ठ्याण्णव ग्रेन. सत्त्याण्णव भरली
की बाजूच्या वाटीत: "हिला पुन्हा वितळव."
शिशाचा हिशेब वहीत, शिसपेन्सिलीनं.
मी हसले, तर म्हणाले,
पेन्सिलीत शिसं नसतं गं,
नुसतं नाव.

बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, सहा घरांचं.
प्रत्येक घराचं तोंड त्यांना वेगळं ठाऊक.
गोळी वरून टाकायची नाही, बोटानं दाबायची;
घरंगळली तर बारीक, अडली तर जाड.
"कासार बांगडी भरतो, बघितलंस?
हात दुखू नये, आणि बांगडी गळूही नये."
माझ्या हातात तेव्हा बांगड्या नव्हत्या,
काळी पडलेली बोटं होती,
आणि जेवणाआधी तीनदा साबण,
नाहीतर ताटावरून उठवायचे.

गोल डोक्याची गोळी कागद फाडते.
चपट्या डोक्याची भोक पाडते,
कंडक्टरच्या पंचसारखं, कडा स्वच्छ.
रेल्वेतल्या निकहत कुरेशीला चपटीच लागायची.
सोमवारी ती निशाणाचा कागद घेऊन यायची,
अप्पा तो खिडकीशी धरायचे,
आणि दोघं उभ्या उभ्या
उजेड मोजायचे.

एकदा भदौरिया ठेकेदार आला,
मुरारच्या जमिनीचं भांडण घेऊन,
बूट न काढता वर.
"भाऊसाहब, अंदर जाके फूल जाए, ऐसी बना दो."
त्याच्या पावलांनी पारडं हलत होतं.
ते थांबेपर्यंत अप्पा बोलले नाहीत.
मग म्हणाले, "माझ्याकडे फक्त कागदाची आहे."
"कागज का क्या होगा?"
"कागदाचंच होईल."
त्या रात्री त्यांनी साच्याला तेल लावलं,
जिन्याची कडी दोनदा पाहिली.
भ्याले नाहीत, असं मला तेव्हा वाटलं होतं.
आता मीही रात्री कडी दोनदा बघते.

शेवटच्या वर्षी त्याच वाट्या.
सकाळची अर्धी, दुपारची पिवळी, झोपताना दोन.
आता गोळ्या मी निवडायची.
"वजन केलंस?" ते विचारायचे.
थट्टा की भ्रम, कळायचं नाही.
एकदा खरंच केलं. रक्तदाबाची
दोन ग्रेनसुद्धा भरली नाही.
"एवढीशी?" म्हणाले,
आणि पाण्याशिवाय गिळली.

जूनमध्ये परवाना जमा करायला ठाण्यात गेले.
पंखा गरम हवा ढवळत होता.
"सीसा कितना है?" हवालदारानं विचारलं.
मी वही पुढे केली. त्यानं पानं उलटली,
एक जांभई दिली,
आणि "अंदाजे चार किलो" असं लिहिलं.

जड गोळीचा एक दोष अप्पांनी सांगितला होता:
पहिली सुटते तेव्हा धक्का उरलेल्यांना बसतो.
आपापल्या घरात त्या केसभर पुढे सरकतात,
आणि एखादी ओठाबाहेर आली
की चक्र फिरतच नाही.
म्हणून गळ्याशी नीट आवळायची,
आणि वजनाची हाव धरायची नाही.

परवा पुण्याहून भावाचा फोन,
गच्चीवरची खोली भाड्यानं द्यायची का.
ताईला ते शिसवी कपाट हवंय.
आईनं आपली खाट भिंतीकडे ओढली,
का, ते सांगितलं नाही.

मी काटा पुसायला घेतला.
दोन्ही पारडी रिकामी.
काटा मध्यावर नाही,
थोडा डावीकडे.
केव्हापासून, कोण जाणे.