अस्वलाचं तोंड

हेल्वे लेपमेत्सनं ते अस्वल काढलं
टाकाच्या एका दमात.
पाठीची रेघ जाड, शाईनं ओथंबलेली.
वळणावर हात दाबला, मग ढिला सोडला.
पोटाशी येईतो रेघ इतकी दमली
की वाटावं, फार लांबून चालत आलंय.
पान सतरा. अस्वल घरी परततं, दार बंद.
तोंड म्हणजे केसाएवढी रेघ,
ना हसरी, ना रडवी.
"एन्देल, ही तेवढी सांभाळ," म्हणाली.

मी सांभाळली नाही.
तार्तूच्या छापखान्यात, मार्चमधल्या एका शनिवारी
जस्ताची पट्टी ॲसिडच्या ताटात
आणि मी खिडकीशी.
एमायोगी नदीवरचा बर्फ फुटत होता, कडाकड.
दोन मिनिटं. फार तर तीन.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात,
जस्तावरचीला तसलं काही नसतं.
आठ हजार प्रती निघाल्या, बिनतोंडाच्या.

हेल्वेनं पान उघडलं, मिटलं.
"बरं."
नव्या निबसारखं टोचलं ते.
पुढची पुस्तकं तिनं दुसरीकडे छापली.

एकतीस वर्षांनी, नातीला घेऊन
वोरूच्या वाचनालयात गेलो.
तीन प्रती होत्या, कोपरे उंदरानं खाल्ल्यासारखे.
एकीत अस्वलाला पेन्सिलीचं तोंड, दातांसकट.
दुसरीत जांभळ्या खडूचं, या कानापासून त्या कानापर्यंत.
तिसरीत कुणीतरी निळ्या बॉलपेननं
एक तिरकी काटकी ओढलेली,
मधेच उचललेली, पुन्हा टेकवलेली.
दार वाजवावं की नाही,
असं काहीतरी त्या फटीत होतं.
ग्रंथपालबाई ओशाळल्या,
"मुलं हो. किती रबर फिरवणार?"

तिसरी प्रत नातीच्या नावावर घेतली
आणि दुसऱ्या दिवशी हेल्वेकडे गेलो.

तिनं भिंग लावलं. चहा निवून गेला.
मग पाठकोरा कागद ओढला, निब बुडवली
आणि ती काटकी उतरवायला बसली.
पहिली फार सरळ आली.
चौथी फार शहाणी.
नवव्या खेपेला निब कागदाच्या धाग्यात अडकली,
शिंतोडे माझ्या बाहीवर.
"नाही येत मला," ती चिडून म्हणाली
आणि कागद फिरवून घेतला.

मी म्हणालो, "त्या दिवशी बर्फ फुटत होता."
"माहीत आहे. मी पुलावरच होते."
तिनं मान वर केली नाही.
"बाही धू आधी. सुकली की जात नाही."